पेटी घरी आली

कोल्हापूर
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय सोन्या,
अनेक आशीर्वाद.

फोन करत नाही म्हणून मी रागावले आहे असं समजू नकोस. फोन केला की तू तो डाव्या कानाला लावतोस, शाळेपासूनची तुझी सवय आहे ती, आणि इकडं बोलताना माझ्या डोळ्यांपुढं तेच येत राहतं. मग दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. त्या दिवशी तसंच झालं. म्हणून कागद घेतला. बाबा म्हणाले, व्हॉट्सॲपवर लिही की. पण तिथं तू अंगठा पाठवतोस आणि विषय मिटतो.

कानाबद्दल आज काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. पेटीबद्दल लिहायचं आहे.

तुझ्या आजोबांची, आप्पांची बाजाची पेटी घरी आली. मामानं शुक्रवार पेठेतलं घर पाडायला द्यायचं ठरवलंय, ते ताईनं तुला सांगितलं असेलच. मामी माळा रिकामा करत होती. घंगाळं निघाली, तुझा पाळणा निघाला (तो ताईला हवाय), आणि सगळ्यात मागं चादरीत बांधलेली पेटी. २०१९ साली त्या घरात महापुराचं पाणी शिरलं, २०२१ साली पुन्हा शिरलं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी, आणि दोन्ही वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. तुला आठवत असेल, आपण त्यांना आणायला निघालो तर दुधाळीच्या पुढं जाताच येईना. कपाटं गेली, कागदपत्रं गेली, आजीचे सगळे फोटो गेले. माळ्यावर होती म्हणून पेटी राहिली. मामा ती रिक्षात मांडीवर घेऊन आला. जिना चढून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "घे, तुझी आहे. आप्पा असते तर त्यांनीच आणून दिली असती."

मी लगेच उघडली नाही. स्वयंपाक उरकला, बाबा फिरायला गेले, मग चादर सोडली. पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत. भात्याच्या घडीत उंदरानं भोक पाडलेलं. हवा भरली तर एक सूर पट्टी न दाबताच बोलायला लागला आणि मधल्या सप्तकातला पंचम मुकाच. तरी मी सा धरला. डावा हात भात्यावर आपसूक गेला, उजव्या हाताचं बोट न शोधता जागेवर पडलं. इतक्या वर्षांत त्या हातानं किती भाकऱ्या थापल्या, किती वह्या तपासल्या, आणि तरी त्याला माहीत होतं कुठं जायचं ते. खूप वेळ मी तो एकच सूर धरून बसले होते.

आपल्या भागात पेटी दुरुस्त करणारे एक काका आहेत. वय झालंय, घरातच बाहेरच्या खोलीत काम करतात. त्यांच्याकडं नेली. मला वाटलं ठेवून घेतील, पण म्हणाले बसा, बघा तुमच्या पेटीच्या पोटात काय आहे. सगळी सोडवली आणि वर्तमानपत्रावर एकेक भाग मांडला. लहानपणी मी ती कधी आतून बघितलीच नव्हती. आप्पा आत हात लावू देत नसत. सूर म्हणजे काय तर पितळेची एक बारीकशी जीभ, एका टोकाला पक्की बसवलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी. हवा गेली की ती थरथरते आणि बोलते. आमचा पंचम मुका होता कारण त्याच्या फटीत धुळीचा एक कण अडकला होता, बाकी काही नाही. काकांनी पातळ कागद आत घालून फिरवला आणि सूर बोलला. मग जुळवायला बसले. जीभ टोकाकडं घासली की सूर चढतो, मुळाकडं घासली की उतरतो, आणि घासणं किती, तर बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही इतकं. ते म्हणाले सूर जर्मन आहेत, आता असे मिळत नाहीत, आता बहुतेक गुजरातेत पालिताण्याला बनलेले येतात. आप्पा हेच सांगायचे आणि आम्हाला वाटायचं कौतुकानं वाढवून सांगतात.

एक सूर घासून त्यांनी लावला आणि मी पटकन बोलून गेले, "अजून थोडा चढा आहे." काका थांबले. परत लावून ऐकला. "बाई, कान शाबूत आहे तुमचा," म्हणाले.

सोन्या, किती दिवसांत कुणी माझं असं कौतुक केलं नव्हतं. घरी येताना रिक्षात मी अगदी हवेत होते. आणि तिथंच, गंगावेशीच्या गर्दीत, तुझा कानाचा रिपोर्ट डोळ्यांपुढं आला. काकांकडं डबाभर सुट्या जिभा होत्या. एक मोडली तर दुसरी बसवतात. तुझ्या कानात मात्र तसा डबा नाही. मी वाचलंय ते. आतल्या शंखासारख्या भागात केसासारख्या बारीक पेशी असतात, एका कानात सुमारे १५ हजार. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. मेल्या की परत उगवत नाहीत, माणसाला तरी नाही.

बघ, ठरवलं होतं काय आणि लिहिते आहे काय.

तर पेटी. मी चौथीत होते तेव्हा आप्पांनी मला मास्तरांकडं घातलं. आप्पा स्वतः भजनात वाजवायचे, पण म्हणायचे माझा हात भजनी आहे, तू नीट शीक. मास्तरांकडं सुरुवातीला पट्टीला हातच लावू देत नसत. नुसता भाता. एक सूर धरायचा आणि हवा अशी सोडायची की सूर ना फुगला पाहिजे ना बसला पाहिजे. आम्ही मुली कंटाळून जायचो. मग सारेग, रेगम, गमप, डोळे मिटून. पट्ट्यांकडं बघितलं की बोटावर फूटपट्टी बसायची. शेवटी पंधरा मिनिटं पेटी बंद आणि तंबोरा. ते म्हणायचे, पेटीवर बारा सूर आहेत, गाण्यात त्यांच्या मधेही जागा आहेत, त्या पेटीत शोधू नका, कानात ठेवा. याच कारणासाठी १९४० साली रेडिओनं पेटीला बंदी केली होती, की हिला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, मधल्या श्रुती येत नाहीत. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. मास्तरांचं उमेदीचं सगळं वय त्या बंदीत गेलं. पण त्याबद्दल ते कधी कडवट बोलले नाहीत. उलट म्हणायचे, बरोबरच आहे त्यांचं, म्हणून तर वाजवणाऱ्याचा कान पेटीपेक्षा मोठा पाहिजे.

आप्पांचे देव म्हणजे गोविंदराव टेंबे. आपल्या सांगवड्यात १८८१ साली जन्मलेला माणूस पेटीला कुठल्या कुठं घेऊन गेला, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. रविवारी सकाळी मला सायकलच्या दांडीवर बसवून देवल क्लबात न्यायचे. १८८३ सालची गाण्याची संस्था आहे ती. तिथल्या जाजमावर मी कितीदा तरी झोपले असेन, पण आप्पा म्हणायचे झोप, कान झोपत नाही, आत जातंय सगळं.

केशवराव भोसले नाट्यगृहात आमच्या शाळेचं संमेलन झालं, तेव्हा समूहगीताला पेटी मी धरली होती. विंगेत आप्पा उभे होते. १९१५ साली शाहू महाराजांनी उभं केलेलं थिएटर, त्या लाकडी रंगमंचावर पाय ठेवताना छातीत धडधडत होतं. २०२४ साली ८ ऑगस्टच्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तू पुण्याहून फोन केलास, "आई, टीव्ही बघू नको," म्हणालास. किती शहाण्यासारखा बोललास तू त्या रात्री. माझं काय जळत होतं ते तुला न सांगता कळलं. हे सगळं कुणाला ऐकू येत नाही, तुला येतं. तुझा कान तसलाच आहे. लहानपणी कुकरची शिट्टी झाली की तू आप्पांच्या पेटीवर जाऊन नेमकी तीच पट्टी दाबायचास. पाच वर्षांचा नव्हतास अजून. आप्पा मामाला म्हणाले होते, याला तबल्याला घाला, हा पोरगा लयीतही आहे आणि सुरातही. तुझे सर तबला लावताना हातोडी तुझ्या हातात द्यायचे, आठवतं? बाकीची मुलं चिडायची.

लग्नानंतर पेटी तिकडंच राहिली. आपल्या जुन्या खोल्यांत तिला ठेवायला जागा नव्हती, मग नोकरी, मग तुम्ही दोघं. यात कुणाचंही काही चुकलं नाही.

मिरवणुकीचं मात्र मला लिहिलंच पाहिजे. नाही लिहिलं तर हे पत्र खोटं होईल.

तू गणपतीला आलास, मंडळात रमलास, मला बरं वाटलं. पुण्यात तुझं असं कोण आहे? अनंत चतुर्दशीला तू दुपारीच गेलास. महाद्वार रोडवर स्पीकर रचून डॉल्बीच्या भिंती लागल्या होत्या. आपल्या घराच्या खिडक्यांच्या काचा इथंपर्यंत थरथरत होत्या, आणि तू त्या भिंतीसमोर होतास, पापाच्या तिकटीपर्यंत, किती तास ते देवाला ठाऊक. उजाडता उजाडता घरी आलास. मी चहा ठेवला आणि विचारलं, "साखर किती?" तू म्हणालास, "काय?" परत विचारलं. परत "काय?" आणि ते "काय" तू ओरडून म्हणालास, स्वतःला कळत नव्हतं किती मोठ्यानं बोलतोयस ते. माझ्या हातापायातलं बळच गेलं. मी तो "काय" ओळखते. गेली कितीतरी वर्षं मी त्या "काय" बरोबर संसार करते आहे.

तुझे बाबा लग्नाआधीपासून फौंड्रीत फेटलिंगला होते. ओतकामावरचा जास्तीचा भाग ग्राइंडरनं काढायचा, आठ आठ तास. कानात कापसाचे बोळे घालायचे, तेवढंच. तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं की कापसानं काही होत नाही. सुपरवायझर झाले तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. तुला लहानपणी वाटायचं बाबा सारखे ओरडतात, सारखे चिडलेले असतात. ते चिडलेले नसायचे रे. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. मी साठ म्हटलं की त्यांना आठ ऐकू येतं. लग्नाकार्यात ते कोपऱ्यात बसतात, लोक म्हणतात माणूस अबोल आहे. लग्नाआधी बघायला आले होते तेव्हा बोलता बोलता आप्पांची पेटी ऐकत होते आणि आप्पांना म्हणाले होते, तुमचा कोमल गंधार फार छान लागतो. तो माणूस अबोल होता होय?

आणि परवा तू फोनवर म्हणालास, "मी काय बाबांसारखा बहिरा होणार आहे का?" फोन स्पीकरवर होता. बाबा शेजारीच बसले होते. त्यांना नीट ऐकू आलं नाही. मला विचारलं, "काय म्हणाला?" मी सांगितलं, "जेवलो म्हणाला."

तुला टोचायला लिहीत नाही. तू घाबरला होतास म्हणून तसं बोललास, मला समजतं. मी पण घाबरले होते, म्हणून एकच प्रश्न परत परत विचारत होते.

तुझ्या रिपोर्टमधला तो आलेख मी मोठा करून बघितला. सगळीकडं सरळ चाललेली रेघ ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक, चढ्या आवाजांच्या जागी, खाली जाते आणि पुढं परत वर येते. आधी मला हायसं वाटलं. कारण पेटीची शेवटची पट्टीसुद्धा ४००० पर्यंत पोचत नाही, म्हटलं पोराचे सगळे सूर शाबूत आहेत. मग वाचलं की स, श, ट, फ ही अक्षरं तिथं आसपास असतात. आणि एक पेटी दुसरीपेक्षा गोड का वाटते, तंबोऱ्याला झंकार कशानं येतो, ते सगळं मूळ सुराच्या वरच्या बारीक आवाजांत असतं. तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही.

आवाजाचं गणित असं आहे. ८५ डेसिबलला आठ तास, तिथंपर्यंत कान कसाबसा सहन करतो. त्यापुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. १०० ला पाव तास, फक्त पाव तास. डॉल्बीची भिंत १०० वर थांबत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कॉलेजात तूच त्या मुलांबरोबर साउंड लावायला जायचास. आपल्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलची आहे, २००० सालच्या नियमात लिहिलेलं आहे. आणि मिरवणुकीवर संपत नाही. ऑफिसात दिवसभर हेडफोन, बसमध्ये हेडफोन, झोपताना हेडफोन. आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नकोस. तासाभरानं काढून ठेव. कानात शिट्टी वाजते आहे म्हणून ती झाकायला आणखी मोठ्यानं गाणी लावू नकोस, तू तसं करतोस असं ताई म्हणाली. आणि दुखलं, वाजलं, दडे बसले, तर त्याच दिवशी डॉक्टरकडं. दोन आठवडे वाट बघायची गोष्ट नाही ही. अचानक ऐकू येणं कमी झालं तर औषधाचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो, नंतर कमी होत जातो. तू ताईला सांगितलंस आणि मला नाही, तेही...

थांबते. माफ कर. तू चोवीस वर्षांचा आहेस, स्वतः कमावतोस, तपासायला स्वतःहून गेलास. बाबा कधी गेले नाहीत. तू गेलास. हे मी आधी लिहायला हवं होतं आणि मग बाकीचं.

आप्पा अल्लादिया खाँसाहेबांची एक गोष्ट सांगायचे. देवल क्लबाकडून जाताना हमखास सांगायचे, जणू मला पहिल्यांदाच सांगताहेत. खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी कोल्हापुरात आले त्याच्या आधीची गोष्ट. तरुणपणी एका संस्थानात त्यांना इतकं गावं लागलं, इतकं, की आवाज बसला तो कितीतरी काळ उठलाच नाही. आला तेव्हा पहिल्यासारखा राहिला नव्हता. मग त्यांनी ज्या आवाजावर आपली हुकमत उरली आहे त्याला शोभेल अशी गायकी घडवली, आणि तीच पुढं केसरबाई, मोगूबाई या शिष्यांच्या गळ्यातून सगळ्या देशानं ऐकली. तुला धीर यावा म्हणून ही गोष्ट लिहायची असं सकाळी भाजी निवडताना ठरवलं होतं. आता लिहिताना लक्षात येतंय की त्यांचा गळा गेला होता, कान नव्हता गेला. तरी लिहिते. तुझा उजवा कान अगदी चांगला आहे आणि डाव्यातलंही बरंच शिल्लक आहे. जेवढं आहे तेवढ्यात खूप काही आहे सोन्या, फक्त ते आता खर्च करू नकोस.

नवरात्राचं सांगायचं राहिलं. गल्लीतल्या भजनी मंडळात नऊ दिवस पेटी मी धरली. गेल्या वर्षीपर्यंत फोनवर तंबोरा लावून म्हणायच्या सगळ्या. पहिल्या दिवशी माझा भाता दोनदा सुटला. पोरींनी, पोरी कसल्या, सगळ्या माझ्याच वयाच्या, सांभाळून घेतलं. काकी कुठल्याही सुरात सुरू करतात, तुला माहीत आहे. त्यांनी पहिला शब्द उचलला आणि पुढच्या शब्दाला मी काळी चार धरली होती. काकींनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. अष्टमीच्या रात्री अंबाबाईची नगरप्रदक्षिणा बघून आलो, पाय दुखत होते, तरी परत बसून दोन अभंग वाजवले. बोटांचे पेर सकाळी आखडतात, जलद तान येत नाही, येणारही नाही कदाचित. पण सूर कुठं आहे ते कळतं. एवढी वर्षं पेटी माळ्यावर होती, मला वाटायचं माझ्यातलं सगळं पुसून गेलंय. बोटं विसरली होती, कान विसरला नव्हता. म्हणून मी तुझ्या मागं लागते. दुसरं काही कारण नाही. तुला पुढं तबला वाजवायचा असो नसो, लग्न होईल, मुलं होतील, त्यातलं एखादं कुकरची शिट्टी ऐकून पट्टी दाबेल. तेव्हा ती पट्टी बरोबर होती का ते तुला कळलं पाहिजे.

बाबा पेटीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसतात. वरचं सप्तक त्यांना पोचत नाही, खर्जाचं पोचतं. म्हणून मी हल्ली त्यांच्यासाठी खालच्या सप्तकात वाजवते. काल म्हणाले, "गंधार छान लागला." लागला होता की नाही, मला नाही माहीत.

माझं वाजवणं फोनवर रेकॉर्ड करून तुला पाठवायचं फार मनात होतं. ताईनं करूनही दिलं. पण तू ते हेडफोन लावून ऐकशील, आणि कामाच्या गडबडीत आवाज वाढवशील. म्हणून पाठवलं नाही. दिवाळीला येशील तेव्हा समोर बसून ऐक.

कोयना एक्सप्रेसचं तिकीट आत्ताच बघून ठेव, नंतर मिळत नाही. तुझा तबला मी कपाटावरून काढला. शाई उडालेली नाही, डग्ग्याची वादी मात्र ढिली झाली आहे, ती बघावी लागेल. मी तीनतालाचा एक साधा लेहरा, तबल्याबरोबर फिरत राहणारी धून, बसवते आहे, भूप रागातला, सोळा मात्रा सरळ. मास्तरांनी पहिला शिकवलेला तोच. तू ठेका धर. मला भीती होती की तू आलास की मी तुझी परीक्षा घ्यायला लागेन, हळूच डाव्या बाजूनं हाक मारून बघेन, तबल्याच्या कडेवरची चाट नीट लागली का ते तपासेन. नाही करणार. तबला तू लाव, हातोडी तुझ्या हातात. तुला जुळला असं वाटलं की सुरू करू.

मंडळाची बैठक पाडव्यानंतर आहे. बाबा जाणार आहेत, पुढच्या वर्षी हलगी-घुमकं आणि कैताळ अशी आपली जुनी वाद्यं लावा, डॉल्बीची भिंत नको, असं बोलणार आहेत. कधी बैठकीत बोलत नाहीत ते. तू त्या दिवशी इथं असलास तर बरोबर जा, कुणी काय उत्तर देतं ते त्यांना ऐकू येणार नाही.

दुसऱ्या तपासणीची तारीख कळव. मंगळवार म्हणाला होतास, तो गेला का येणारा?

तुझी,
आई

ता. क. बसवाल्याकडं पिशवी दिली आहे. भडंग आहे, खर्ड्याची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली आहे, ती उभी ठेव. कानात घालायचे फोमचे बोळे आहेत, ते बाबांनी स्वतः मेडिकलमधून आणलेत. गर्दीसाठी आहेत, झोपताना घालू नकोस. भडंग मित्रांना दे.